विजेचं बिल कुणाच्या नावावर?



परवडणाऱ्या घरांची चर्चा आपल्याकडे किमतीवर सुरू होते आणि किमतीवरच संपते. दर काय, अनुदान किती, हप्ता किती. चावी हातात पडल्यावर पुढची तीस-चाळीस वर्षं त्या घरात राहायला किती पैसे लागतील, हे ना जाहिरातीत असतं ना निविदेत. पंखा दिवसरात्र फिरतो, भरदुपारी दिवा लागतो, चार उन्हाळे काढले की कर्ज काढून एसी येतो. घर स्वस्तात मिळालं, राहणं महाग पडलं.

याचं कारण साधं आहे. भिंत कशाची, खिडकी केवढी, हे ठरवणारा एक आणि बिल भरणारा दुसरा. ठेकेदाराने भिंतीत चार पैसे वाचवले तर ते त्याचे. त्या भिंतीतून शिरणारी उष्णता मात्र रहिवाशाची. या दोघांची गाठ घालून देऊ शकेल अशी एकच संस्था आहे, ती म्हणजे महापालिका. जमीन बऱ्याचदा तिची, निविदा तिची, नकाशाला मंजुरीही तिचीच.

शेजारच्या गुजरातमधल्या राजकोटचं उदाहरण घ्या. प्रधानमंत्री आवास योजनेखाली तिथल्या महापालिकेने ‘स्मार्ट घर-3’ नावाची वसाहत उभारली. 1176 घरं, अकरा इमारती. आराखडा चालू असतानाच इमारतींमधल्या ऊर्जाबचतीवर काम करणाऱ्या भारत-स्वित्झर्लंड प्रकल्पाचे तज्ज्ञ सोबत बसले. त्यांनी काय केलं? सरकत्या खिडक्या काढल्या. सरकती खिडकी कितीही मोठी घ्या, उघडते निम्मीच. त्याऐवजी बिजागरीची, जवळजवळ पूर्ण उघडणारी खिडकी बसवली. तिच्या तावदानात काच थोडी आणि बाकीचा भाग अपारदर्शक ठेवला, म्हणजे उजेड येतो पण ऊन आत शिरत नाही. भिंतींना उष्णता अडवणारे हलके ब्लॉक, गच्चीला उष्णतारोधक थर.

मला सर्वांत आवडलेली गोष्ट डक्टची. मधे बोळ आणि दोन्ही बाजूंना घरं अशा रचनेत घराला एकाच बाजूने वारा मिळतो; समोरून यावा आणि मागून निघावा, ही सोयच नसते. इमारतीत पाइप नेण्यासाठी डक्ट असतेच. आपल्याकडे तिथे कचरा आणि कबुतरं साठतात. राजकोटला त्याच डक्टमधून घरातली गरम हवा वर खेचून घ्यायची योजना केली. वाऱ्याच्या जोरावर, आणि वारा पडला तर वरच्या पंख्यांच्या मदतीने. या सगळ्यामुळे ऐन उन्हाळ्यात खोलीचं तापमान पाच अंशांहून अधिक उतरेल, असा आराखड्याचा हिशोब होता. पाच अंश म्हणजे पंख्याखाली झोप लागणं आणि न लागणं एवढा फरक!

आता मुंबईकडे या. गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींत इमारतींमधलं अंतर जेमतेम तीन मीटर. पुनर्वसनाच्या नावाखाली अंतराचे नियम सैल केले गेले. खालच्या मजल्यांवर ना ऊन पोचतं ना वारा. त्यातल्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंडमध्ये ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था आणि आयआयटी मुंबई यांनी केलेली पाहणी 2018 साली पुढे आली, तेव्हा कोंदट घरं आणि क्षयरोग यांचा संबंध स्पष्ट दिसला. तेव्हा ऊर्जाबचत म्हणजे पर्यावरणवाल्यांची हौस, असं कुणी म्हणू नये. जे घर बिल फुगवतं, तेच घर माणसाला आजारीही पाडतं.

नियम नाहीत असं नाही. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने 2018 साली ‘इको निवास संहिता’ काढली. मुंबई-कोकणासारख्या उष्ण-दमट हवेत, खिडक्यांचा उघडणारा भाग घराच्या जमिनीच्या किमान एक षष्ठांश हवा, असं ती सांगते. तीस चौरस मीटरचं घर धरा. दुर्बल घटकांसाठी आवास योजनेतली मर्यादा तीच होती. म्हणजे पाच चौरस मीटर उघडं हवं. सरकत्या खिडक्या लावल्या तर दहा चौरस मीटरच्या लावाव्या लागतील. तुमच्या आसपासच्या कुठल्याही पुनर्वसन इमारतीकडे बघा आणि मनातल्या मनात मोजा. पण संहिता लागू करायची ती राज्याने आणि स्थानिक संस्थांनी. तिथे गाडी अडते.

नियमांशिवाय दुसरा मार्ग सवलतीचा. पुण्यात सौर बंब, पर्जन्यजल संधारण, गांडूळखत यांसाठी मिळकतकरात पाच ते दहा टक्के सवलत मिळते. योजना चांगली आहे. पण ती घेतो कोण? ज्याच्याकडे गच्ची आहे, सोसायटी आहे, उत्साही सेक्रेटरी आहे तो. ज्याला बचतीची सर्वांत जास्त गरज, तो या यादीत क्वचितच सापडतो.

घरांची मालकी स्वतःकडे ठेवली की काय होतं, ते पाहा. इंग्लंडातल्या नॉर्विच नगर परिषदेने गोल्डस्मिथ स्ट्रीटवर 105 घरं भाड्याने देण्यासाठी बांधली. 2019 साली त्यांना तिथला वास्तुकलेचा मानाचा स्टर्लिंग पुरस्कार मिळाला. थंडी बाहेर ठेवायची म्हणून टपालपेटीची फटसुद्धा दाराला ठेवली नाही. पेटी पोर्चच्या भिंतीत गेली. मागच्या ओळीला हिवाळ्यातलं ऊन मिळावं म्हणून छपरांचा उतार बेतला. इतकी काळजी का? परिषद त्या घरांची मालक राहणार होती. ओल आली, बुरशी धरली, भाडं थकलं, तरी तक्रार तिच्याच दारात येणार. आपल्या महापालिका चावी देऊन मोकळ्या होतात. मग लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांचं बिल नव्या सोसायटीच्या गळ्यात. राजकोटच्या डक्टवरच्या पंख्यांनाही हाच प्रश्न लागू आहे. देखभालीचा निधी आणि माणूस पहिल्या दिवशी ठरला नाही, तर उत्तम आराखडाही कागदावर राहतो.

तेव्हा एवढंच करा. तुमच्या गावात परवडणाऱ्या घरांची पुढची निविदा निघेल, तेव्हा नगरसेवकाला आणि शहर अभियंत्याला तीन गोष्टी लेखी विचारा: खिडकी किती उघडते, दोन इमारतींत अंतर किती, आणि सामायिक विजेचं बिल पहिली दहा वर्षं कोण भरणार. उत्तरही लेखीच मागा.