सनदेविना वकिली



शाळेच्या हीरक महोत्सवात वकिलीविषयी बोलणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु या सभागृहातील एखाद्या घरात आज एखादी मुलगी कायद्याचे शिक्षण घेत असेल, किंवा सनद मिळवून न्यायालयाच्या आवारात टेबल-खुर्ची मांडून पहिल्या पक्षकाराची वाट पाहत असेल. घरात वकिलीची परंपरा नाही, पाठीशी नामांकित वकिलाचे नाव नाही आणि बार कौन्सिलच्या नियमांमुळे जाहिरातही करता येत नाही. मग पक्षकाराने आपल्याकडे यावे ते कशाच्या बळावर, हा प्रश्न तिला पडतो. तिच्याहून अधिक तिच्या आईवडिलांना पडतो. या प्रश्नाचा विचार करताना कॉर्नेलिया सोराबजी यांच्या वकिलीची आठवण होते.

त्यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिक येथे झाला. पुण्यात मुलींच्या शाळा उभारणाऱ्या फ्रान्सिना सोराबजी यांची ही कन्या. डेक्कन कॉलेजात शिकून मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर होण्याचा मान कॉर्नेलिया यांनी मिळवला. परीक्षेतील यशामुळे विलायतेस जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती त्यांना मिळावयास हवी होती. ती केवळ स्त्री म्हणून नाकारली गेली. हितचिंतकांनी निधी जमवला आणि १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डला दाखल झाल्या. १८९२ मध्ये तेथील कायद्याची परीक्षा त्यांनी दिली; पदवी हाती पडायला मात्र पुढे तीस वर्षे जावी लागली. मायदेशी परतल्यावर १८९७ मध्ये मुंबई विद्यापीठाची एलएल.बी. आणि १८९९ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षाही त्या उत्तीर्ण झाल्या. तरीही सनद नाहीच!

सनद नाही म्हणून काम नाही, असे मात्र झाले नाही. न्यायालयाच्या परवानगीने सनद नसलेली व्यक्तीही आरोपीची बाजू मांडू शकते, या फौजदारी कायद्यातील तरतुदीचा आधार घेऊन १८९६ मध्ये पुण्यात खुनाच्या एका खटल्यात त्या बचावासाठी उभ्या राहिल्या. काठेवाड आणि इंदूरकडील संस्थानांत ब्रिटिश एजंटांपुढे बाजू मांडण्याची खास परवानगीही त्यांनी मिळवली. एका छोट्या संस्थानात तर त्यांनी चक्क हत्तीचे वकीलपत्र घेतले होते! हत्तीच्या पोटापाण्यासाठी दिलेले उत्पन्न राजाने काढून घेतले होते. ते परत मिळाले, पण त्यात कायद्याचा वाटा किती आणि राजाच्या लहरीचा किती, हे सांगणे कठीण.

त्यांची खरी वकिली मात्र वेगळ्याच ठिकाणी उभी राहिली. जमीनदार घराण्यांतील पडदानशीन विधवांच्या नावे मोठमोठ्या मिळकती असत. कायद्याने या स्त्रियांना न्यायालयात प्रत्यक्ष हजर राहण्यापासून सूट दिलेली होती. ही सूट सन्मानासाठी दिलेली. पण तिच्यामुळेच त्या एकाकी पडत. वकील पुरुष, त्यामुळे त्याच्याशी समोरासमोर बोलणे अशक्य. कारभाऱ्याने किंवा दिराने कागद आणावा, तोच वाचून दाखवावा आणि पडद्याआडून त्यावर अंगठा उमटावा. अंगठा नक्की कोणाचा आणि त्या बाईला कागदाचा अर्थ कितपत कळला, हे पडद्याबाहेरच्या माणसाने कसे ठरवावे? पडदानशीन स्त्रीने केलेला दस्त तिला समजला होता, हे सिद्ध करण्याचा भार त्याचा लाभ घेणाऱ्यावर असतो, असे प्रिव्ही कौन्सिलने वारंवार सांगितले होते. तत्त्व उत्तम, परंतु त्या स्त्रीपाशी बसून दस्त समजावून देणार कोण?

ते कॉर्नेलिया करू शकत होत्या. न्यायालयाचे दार त्यांना बंद होते, जनानखान्याचे नव्हते. अशा स्त्रियांसाठी सरकारने स्त्री कायदा-सल्लागार नेमावी, असा आग्रह त्यांनी १९०२ पासून धरला. १९०४ मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये त्यांची नेमणूक झाली. पद सरकारी, म्हणून त्याला काटेकोर अर्थाने खासगी वकिली म्हणता येणार नाही. पण काम एकटीचे आणि प्रदेश बंगाल, बिहार, ओरिसा व आसाम एवढा अफाट. पुढील सुमारे वीस वर्षांत सहाशेच्या आसपास स्त्रिया आणि अनाथ मुले यांना त्यांचे साहाय्य लाभले. मिळकतीचे वाद, पोटगी, मुलांचे शिक्षण, वारसाच्या जिवाला असलेला धोका. कोठे कायद्याचा सल्ला संपला आणि घरच्या माणसाचा आधार सुरू झाला, हे सांगता येऊ नये असे ते काम होते.

अखेर दार उघडले. १९२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांची नोंदणी केली. १९२३ च्या कायद्याने स्त्रियांवरील बंदीच उठवली आणि १९२४ मध्ये त्यांनी कोलकात्यात वकिली सुरू केली. वयाची साठी जवळ आली होती. अनुभव दांडगा होता. पण कोलकाता उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत बॅरिस्टरला पक्षकाराकडून थेट काम घेता येत नसे, ते ॲटर्नीमार्फतच यावे लागे. त्या व्यवसायातील पुरुषांच्या मनातील अढी कायद्याच्या एका कलमाने जाणारी नव्हती. त्यांच्याकडे प्रामुख्याने लेखी अभिमत देण्याचे काम आले. बाजू मांडण्याची संधी फारशी मिळाली नाही. सनद नव्हती तेव्हा सहाशे पक्षकार होते. सनद आली तेव्हा पक्षकार आणि त्यांच्या मध्ये दलाल उभे होते. कायद्याने स्त्रीला वकील केले, या वाक्यात त्यामुळे निम्मेच सत्य आहे.

त्यांची सगळीच मते मान्य होण्यासारखी नाहीत. ब्रिटिश राज्यावर त्यांचा भरवसा होता, गांधीजींच्या चळवळीला विरोध होता आणि ‘मदर इंडिया’ या वादग्रस्त पुस्तकाची त्यांनी केलेली पाठराखण अनेक सहकाऱ्यांना दुखावून गेली. स्त्रियांच्या हक्कांसाठी पुढे आलेल्या पिढीने त्यांना आपले मानले नाही, यात नवल नाही. त्यांच्या कामाची नोंद मात्र त्या मतांमुळे पुसली जाऊ नये.

१९२९ मध्ये कोलकात्यातील वकिली आवरून त्या लंडनला गेल्या. १९३४ मध्ये ‘इंडिया कॉलिंग’ हे आत्मकथन प्रसिद्ध झाले. पुण्याचा तो खटला, तो हत्ती आणि पडद्याआडच्या त्या पक्षकार यांनी त्यातील कितीतरी पाने व्यापली आहेत.