भुईमुगाच्या शेतातले गाव

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्याच्या दक्षिण भागात, उन्हाळ्याच्या दिवसांत, दोन माणसे रस्त्यावर बोलत उभी राहिली की मधूनच खालचा ओठ किंचित पुढे काढून वर फुंकर घालताना दिसतात. नवख्याला ही काही खूण असावी असे वाटते. प्रत्यक्षात ते चिलटांना हाकलणे असते. तांबड्या मातीच्या त्या प्रदेशात चिलटे डोळ्यांभोवती इतकी घोंगावतात, की बोलणे न थांबवता त्यांना उडवून लावण्याची ही युक्ती तेथील मुले चालू-बोलू लागताच शिकतात. अशाच मुलखात, भुईमुगाच्या शेतांनी वेढलेले, प्लेन्स नावाचे एक गाव आहे.

गाव म्हणायचे, पण आपल्याकडच्या मध्यम वाडीएवढीच त्याची वस्ती. २०२० च्या शिरगणतीत तेथे ५७३ माणसे होती. मध्ये लोहमार्ग, त्याच्या कडेला विटांच्या जुन्या दुकानांची एकच रांग, थोडी देवळे, पाण्याची उंच टाकी, आणि त्यापलीकडे लगेच शेते. परगण्याचे मुख्य ठिकाण अमेरिकस हे पूर्वेस सुमारे दहा मैलांवर. गावाचे मूळ नाव ‘प्लेन्स ऑफ ड्युरा’; बायबलातील दानीएलाच्या कथेत येणाऱ्या मैदानावरून ते पडले. १८८५ च्या सुमारास लोहमार्ग जवळून गेला, तेव्हा जुन्या वस्तीने आपला मुक्काम उचलून रुळांशेजारी आणला आणि नावही आखूड केले. जिमी कार्टर हे अमेरिकेचे एकोणचाळिसावे अध्यक्ष याच गावचे, म्हणून जगाला ते ठाऊक झाले. परंतु गावाची खरी कथा सुखसोयी तेथे कशा आल्या, कोणाच्या वाट्याला आल्या, आणि पुढे कशा निघून गेल्या, यात आहे.

पूर्वी हा सारा कापसाचा प्रदेश होता. विसाव्या शतकाच्या आरंभी बोंडे पोखरणारा एक सोंड्या भुंगा मेक्सिकोकडून दक्षिणेत पसरला आणि त्याने कापसाची पिकेच्या पिके बुडवली. शेतकरी हळूहळू भुईमुगाकडे वळला. आज अमेरिकेतील भुईमुगाचे सुमारे निम्मे पीक एकटे जॉर्जिया राज्य काढते. कराड-कोल्हापूरकडच्या शेतकऱ्याला या पिकाची मेहनत सांगायला नको. तेथेही पूर्वी वेल उपटून, झटकून, शेतात पुरलेल्या खांबांभोवती त्यांची उडवी रचीत आणि शेंगा वाळण्याची वाट पाहत. खेचरांचा नांगर, हाताची खुरपणी, आणि पहाट होण्याआधी तासभर होणारा घंटेचा टोल, यांवर साऱ्या वर्षाचे वेळापत्रक चालत असे.

ही घंटा वाजे ती प्लेन्सच्या पश्चिमेस अडीच-तीन मैलांवरच्या आर्चरी वस्तीवर. कार्टर कुटुंब १९२८ मध्ये तेथील शेतावर राहावयास गेले. मालकाचे घर म्हणून ते चांगले. पण त्यातही नळ नव्हता, दिवा रॉकेलचा, आणि शौचकूप परसात. १९३५ मध्ये पवनचक्की उभी राहिली तेव्हा पाणी घरात आले, आणि तळाला भोके पाडलेली एक बादली टांगून स्नानाची सोय झाली. लहानग्या जिमीने पाचव्या-सहाव्या वर्षापासून घरी उकडलेल्या शेंगा पुड्यांत बांधून प्लेन्सच्या रस्त्यावर विकल्या. शेतावर मालकाचेच एक दुकान होते. मजूर व वाटेकरी तेथूनच रॉकेल, तंबाखू, किराणा नेत. अशा दुकानांतली उधारी हा त्या काळच्या दक्षिणेतील गरीब कुळांच्या गळ्यातला फास होता.

विजेची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. फ्रँकलिन रूझवेल्ट पोलिओनंतर उपचारासाठी जॉर्जियातील वॉर्म स्प्रिंग्ज येथे येत. तेथील आपल्या झोपडीवजा घराचे विजेचे बिल न्यूयॉर्क राज्यातील मोठ्या घरापेक्षा चौपट दराने येते, हे त्यांच्या ध्यानात आले. ग्रामीण विद्युतीकरणाचा विचार आपल्या मनात तेथून रुजला, असे ते सांगत. शहरातल्या कंपन्यांना विरळ वस्तीत तारा नेणे परवडत नव्हते. १९३५ मध्ये सरकारने त्यासाठी स्वतंत्र खाते काढले आणि शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना कर्जे दिली. १९३८ मध्ये कार्टरांच्या शेतावर दिवा लागला. कुळांच्या खोपटांतून मात्र रॉकेलची ढणढण पुढेही चालू राहिली.

कारण आर्चरीत बहुतेक वस्ती काळ्या लोकांची होती, आणि सोयींना तेथे रंग होता. गोऱ्या मालकाचा मुलगा काळ्या मजुरांच्या मुलांबरोबर मासे पकडी, पोहे, कुस्ती खेळे. कार्टर चौदा वर्षांच्या सुमाराचे असताना एके दिवशी कुरणाच्या फाटकाशी त्यांचे दोन काळे सवंगडी एकाएकी मागे सरले आणि त्यांनी त्यांना पुढे जाऊ दिले. काही खोडी असेल, पायात दोरी अडकवली असेल, असे त्यांना प्रथम वाटले. खोडी नव्हती, वय झाले म्हणून घरच्या मोठ्यांनी मुलांना जगाची रीत शिकवली होती. फाटक कोणी आधी ओलांडायचे, हे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नव्हते, आणि तरी ते सर्वांना पाठ होते.

या रीतीला थोडीशी बगल देणारी एक बाई त्या घरात होती. जिमी कार्टरांच्या मातोश्री लिलियन या परिचारिका. गावातल्या वाइज बंधूंच्या रुग्णालयात त्या काम करीत. त्याच रुग्णालयात १ ऑक्टोबर १९२४ रोजी त्यांच्या पुत्राचा जन्म झाला, आणि इस्पितळात जन्मलेला पहिला अमेरिकन अध्यक्ष असा त्यांचा लौकिक झाला. आर्चरीच्या काळ्या शेजाऱ्यांच्या घरी जाऊन लिलियनबाई शुश्रूषा करीत. १९६६ मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, शांतिसेनेच्या स्वयंसेविका म्हणून त्या भारतात आल्या आणि मुंबईजवळ विक्रोळीच्या कामगार वसाहतीत त्यांनी सुमारे दोन वर्षे कुटुंबनियोजनाचे व दवाखान्याचे काम केले. दारिद्र्याचा व शिवाशिवीचा तेथला चेहरा त्यांना अगदीच अपरिचित वाटला नसेल. प्लेन्सला परतल्यावर त्या विक्रोळीच्या आठवणी आवर्जून सांगत.

पुत्राचे परतणे आधी झाले होते. वडील वारल्यावर १९५३ मध्ये जिमी कार्टर नौदलाची नोकरी सोडून पत्नी रोझलिन यांच्यासह गावी आले आणि आरंभी सरकारने गरिबांसाठी बांधलेल्या चाळवजा घरांत भाड्याने राहिले. पुढे परगण्याच्या शाळामंडळावर त्यांची नेमणूक झाली. गोरी मुले बसने शाळेत जातात आणि काळी मुले पायी, ही गोष्ट मंडळावर बसल्यावरही बरेच दिवस आपल्या लक्षात आली नव्हती, अशी कबुली त्यांनी स्वतःच दिली आहे. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा घटनाविरुद्ध ठरवल्या. पण परगण्यात तो निकाल उतरायला दशकाहून अधिक काळ लागला. १९६५ मध्ये गावच्या बाप्टिस्ट देवळात काळ्या उपासकांना येऊ द्यावे की नाही यावर मत घेण्यात आले, तेव्हा कार्टर कुटुंब आणि आणखी एक सभासद यांखेरीज अनुकूल हात वर झाला नाही.

आणि हेही सांगितले पाहिजे, की त्याच परगण्यात, थोड्याच मैलांवर, १९४२ पासून कॉइनोनिया नावाचे एक शेत होते. क्लॅरन्स जॉर्डन यांनी स्थापलेल्या त्या वसाहतीत काळे-गोरे एका पंक्तीस जेवत. १९५० नंतरच्या दशकात तिच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, दुकान स्फोटाने उडवले गेले, गावोगावच्या व्यापाऱ्यांनी बहिष्कार घातला. तेव्हा वसाहतीने पिकान नावाचा, अक्रोडासारखा, सुकामेवा टपालाने दूरच्या गिऱ्हाइकांस विकून तग धरला. गरिबांना घरे बांधून देणारी ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ ही संस्था १९७६ मध्ये येथूनच निघाली.

मात्र ज्या सोयींसाठी इतका झगडा झाला, त्या एकेक करून गावातून उठू लागल्या. उताऱ्यांची गाडी १९५१ मध्येच बंद झाली. पिकाची खळी यंत्रांनी घेतली: आज एक अवजार वेल उपटून उलटे करते, दोन-तीन दिवसांनी दुसरे शेंगा तोडते, आणि ऊन हवेच्या झोताने त्या गाडीतच वाळतात. जेथे दहा कुटुंबे राबत, तेथे दोन माणसे पुरतात; उरलेली शहराकडे गेली. १९२१ मध्ये उघडलेली गावची शाळा १९७९ मध्ये बंद झाली. वाइज बंधूंच्या रुग्णालयाच्या इमारतीत आता लिलियनबाईंच्या नावाचे वृद्धांचे शुश्रूषागृह आहे. दुखणे मोठे असले तर अमेरिकस गाठावे लागते. आणि १ मार्च २००७ रोजी भोवऱ्याच्या वादळाने तेथलेही रुग्णालय उद्ध्वस्त केले, तेव्हा नवे उभे राहीपर्यंत चार वर्षे परगण्याने तात्पुरत्या सोयीवर काढली.

गावाला तारले ते एका नावाने. १९७६ च्या निवडणुकीत रिकामे पडलेले रेल्वेस्टेशन हेच कार्टरांचे प्रचारकेंद्र झाले. त्या वर्षी तयार केलेली हसऱ्या तोंडाची तेरा फुटी भुईमुगाची शेंग अजून रस्त्याकडेला उभी आहे. बंद शाळेचे वस्तुसंग्रहालय झाले. १९८१ मध्ये अध्यक्षपद संपल्यावर कार्टर १९६१ साली बांधलेल्या आपल्या साध्या घरातच परतले, आणि त्यांचा रविवारचा धर्मपाठ ऐकण्यास चार दशके पाहुणे येत राहिले. ज्या शेतावर कधी रॉकेल जळत होते, त्या कुटुंबाच्याच जमिनीवर २०१७ मध्ये सूर्यशक्तीची तावदाने बसली. गावाच्या निम्म्याहून अधिक गरजेइतकी वीज दहा एकरांतून निघू लागली.

रोझलिनबाई नोव्हेंबर २०२३ मध्ये गेल्या, जिमी कार्टर २९ डिसेंबर २०२४ रोजी, वयाच्या शंभराव्या वर्षी. दोघांनाही घराच्या आवारातच माती मिळाली. समाधी पाहण्यास लोक येतात. पण येणारा पाहुणा संध्याकाळी परततो. शेताला मजूर लागत नाहीत, आणि शाळा नसलेल्या गावात तरुण जोडप्याने का राहावे, याचे उत्तर समाधी देऊ शकत नाही. सकाळी सार्वजनिक शाळेची बस येते, काळी-गोरी मुले तिच्यात एकाच दाराने चढतात, आणि बस शेतांमधून दहा मैलांवरच्या अमेरिकसकडे निघून जाते.