दवाखाना जवळ, औषध दूर
(विहाराच्या वर्धापन दिन कार्यक्रमातील भाषण)



मला खेड्यातल्या आरोग्यावर बोलायला सांगितलं आहे. मी डॉक्टर नाही. तीस वर्षं सूतगिरणीच्या रिंग खात्यात उभा आहे. पण आपल्या वस्तीत असं एक तरी घर दाखवा, ज्या घरचं कुणी आजही गावाकडं नाही. तिकडं कुणी आजारी पडलं की पहिला निरोप आपल्याकडंच येतो, खरं की नाही?

आम्हा गिरणी कामगारांकडे ईएसआयचं कार्ड आहे. थोडं आमच्या पगारातून कापतात, थोडं मालक भरतो, आणि आजारपणात औषध व रजेचे पैसे मिळतात. हा कायदा १९४८ साली झाला. त्याची तयारी झाली ती बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते तेव्हा. पण माझा सख्खा भाऊ शेतमजूर आहे. त्याला हे कार्ड नाही. एका आईची दोन लेकरं. एकाला ताप आला तर रजा, दुसऱ्याला ताप आला तर उसनवारी.

कागदावर त्याच्यासाठीही सोय आहे. सपाट प्रदेशात ५ हजार लोकांमागे एक उपकेंद्र, ३० हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, घरून नेणं आणि परत सोडणं, हे सगळं सरकारी दवाखान्यात २०११ पासून मोफत आहे. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचेही पैसे घ्यायचे नाहीत, असा निर्णय झाला. आणि तरी काय होतं? माझ्या पुतण्याच्या बायकोला रात्री कळा सुरू झाल्या. केंद्रावर गेले तर डॉक्टर जागेवर नाहीत. तिथल्याच एकानं खासगी दवाखान्याचा रस्ता दाखवला, जीप भाड्यानं केली, बिल झालं २२ हजार. तिच्या कानातलं गेलं आणि शेळ्या गेल्या. नाव घेत नाही, कारण तुमच्यापैकी प्रत्येकाला तसलं एखादं केंद्र माहीत आहे.

दवाखाना किती मैलांवर आहे एवढाच हा प्रश्न नाही. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत काठेवाडच्या एका अस्पृश्य शिक्षकाची १९२९ सालची हकिकत दिली आहे. त्याची बाळंतीण बायको आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नाही. दोन रुपये फी ठरली, बाईला वस्तीबाहेर आणवलं, आणि ताप पाहायची नळी त्यानं एका मुसलमानाच्या हाती दिली, त्यानं नवऱ्याला दिली, नवऱ्यानं बायकोला लावली. बाई वाचली नाही. डॉक्टर समोर उभा होता हो!

आता जामखेडचं सांगतो, कारण ते आपल्या सर्वांनी समजून घेण्यासारखं आहे. जामखेड म्हणजे तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला दुष्काळी तालुका. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपं तिथं गेलं. त्या वेळी त्या गावांत हजार जन्मांमागे १७६ मुलं वर्षाच्या आत दगावत होती. कशानं? हगवण, धनुर्वात, न्यूमोनिया आणि पोटाला कमी. यातल्या बहुतेकांना ऑपरेशन थिएटर लागत नाही. त्यांनी आधी नर्सबाई गावात पाठवून पाहिल्या, पण ते जमलं नाही. परक्या बाईचं गाव ऐकेना. मग गावानंच निवडलेल्या बाया घेतल्या. कितीतरी निरक्षर, कितीतरी आपल्या समाजाच्या, काही नवऱ्यानं टाकलेल्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येत आणि सगळ्या जातीच्या बाया एकत्र शिकत, एकत्र जेवत, एकत्र झोपत. माझ्या मते निम्मं औषध तिथंच होतं. पुष्कळ गावांत हातपंप मुद्दाम दलित वस्तीत बसवले. ज्यांनी आपल्याला विहिरीवर चढू दिलं नाही ते घागर घेऊन आपल्या दारी आले.

त्या बाया गरोदर बाईला तपासू लागल्या, बाळाचं वजन घेऊ लागल्या, हगवणीत पाणी पाजायला शिकवू लागल्या. मातांनो, हे आजही लक्षात ठेवा: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ वाढवू नका. थोडं थोडं पाजत राहा आणि दवाखान्याकडं निघा. नव्वदच्या दशकात १७६ चा तो आकडा २० च्या आसपास आला होता. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली काढलेल्या पुस्तकात जामखेडचा दाखला घेतला.

आजची आशाताई याच वाटेवरची. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानात हजार लोकांमागे एक आशा नेमायचं ठरलं. पण तिला सरकार कर्मचारी मानत नाही, 'स्वयंसेविका' म्हणतं आणि कामाचा मोबदला देतं. आम्ही बदली कामगाराचं जिणं पाहिलेलं आहे, त्यामुळं या गोड शब्दाचा अर्थ आम्हाला कुणी शिकवायला नको. आशाताई मोर्चा काढतात तेव्हा त्यांच्या मागं आपण उभं राहिलं पाहिजे.

प्रत्येक गावात आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. तिच्याकडे थोडा निधीही येतो. आपल्या किती जणांना तिचे सदस्य माहीत आहेत? ग्रामसभेत एवढंच विचारायला सांगा: डॉक्टर रात्री मुक्कामी असतो का, औषध बाहेरून आणायला का सांगता, गाडीसाठी १०२ ला फोन केला तर येते का. तोंडी विचारून भागत नाही, प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्यायचं. युनियनमध्ये आम्ही हेच शिकलो.

मी एक वही आणली आहे, ती दारापाशी ठेवतो. जाताना तुमचं गाव, उपकेंद्र आणि आशाताईचं नाव लिहा. ज्यांना ठाऊक नसेल त्यांनी आज रात्री घरी फोन करून विचारा, पुढच्या पौर्णिमेला वही परत इथंच असेल. जयभीम.