पेन्शनच्या कागदावरचं नाव

सातारा शहराजवळ अपशिंगे नावाचं गाव आहे. लोक त्याला 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात, इतकी तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या फौजेत गेली. अशा गावांतून पलटणीच्या गोष्टी पुष्कळ ऐकायला मिळतात. पेन्शनच्या कागदाची गोष्ट मात्र घरचा कर्ता गेल्यावरच निघते. श्रोतेहो, आज तीच सांगावी म्हणतो.

शिपाई, नायक, हवालदार यांना साधारणपणे 15 वर्षांच्या नोकरीवर पेन्शन मिळते. अधिकाऱ्याला 20 वर्षांवर. (2022 पासून अग्निवीर म्हणून भरती झालेल्यांना त्यांच्या चार वर्षांवर ती नाही.) पेन्शन म्हणजे शेवटच्या पगाराच्या निम्मी रक्कम. समजा, हिशेबाला धरायचा पगार 40,000 रुपये. तर पेन्शन 20,000. वर महागाई वेगळी.

आता नवरा वारला, तर बायकोला काय? साधा दर पगाराच्या 30 टक्के, म्हणजे आपल्या उदाहरणात 12,000. पण सुरुवातीची काही वर्षं वाढीव दर, 50 टक्के. नोकरीत असताना मृत्यू आला तर 10 वर्षं. निवृत्तीनंतर आला तर 7 वर्षं, किंवा नवरा 67 वर्षांचा झाला असता तोवर, यांत जे आधी येईल ते. मृत्यू लष्करी नोकरीच्या कारणानं झाला असेल तर 60 टक्के, आणि लढाईत झाला असेल तर पूर्ण पगाराइतकी. पुष्कळ बायकांना धास्ती असते, की यांनी निम्मी पेन्शन विकली, आता माझीही निम्मी होणार. तसं नाही. कुटुंबाची पेन्शन पगारावर मोजतात. विकलेल्या भागाशी तिचा संबंध नाही.

हिशेब असा सोपा आहे. अडतं ते नावाशी.

आपल्याकडे लग्नात मुलीचं आडनाव बदलतं, आणि कित्येक घरांत पहिलं नावही. तांदळात अंगठीनं नवं नाव लिहायचं, सगळ्यांनी पेढे खायचे. जवानानं पलटणीत नोंदवलं एक नाव. रेशनकार्डावर, आधारकार्डावर आलं दुसरं. नवरा आहे तोवर कुणी विचारत नाही. आमच्या ओळखीच्या एका हवालदाराच्या पत्नीला पुढं महिनोन्‌महिने खेटे घालावे लागले. पेन्शनच्या हुकुमात, ज्याला पीपीओ म्हणतात त्यात, त्यांचं माहेरचं नाव. मला म्हणाल्या, "भाऊ, कागदातली ती बाई मीच की हो. पण आता मला तसं कुणी हाकच मारत नाही, साक्ष कुणाची आणू?"

म्हणून ज्यांचे यजमान हयात आहेत त्यांनी पीपीओ पेटीतून काढावा. बायकोचं नाव आणि जन्मतारीख आधारकार्डाशी अक्षरानं अक्षर जुळते का, ते पाहावं. नाव मुळीच नसेल, किंवा निवृत्तीनंतर लग्न झालं असेल, तर नोंद करून घ्यावी; अशा पत्नीलाही हक्क आहे. दुरुस्ती पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसातून होते. मराठा लाइट इन्फंट्रीचं ते बेळगावला आहे. पण तिथवर जायची गरज नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज लिहून देतात, लग्नाचा दाखला, प्रतिज्ञापत्र काय लागेल तेही सांगतात. बँकेतलं खातं दोघांच्या नावे असलं, की पुढं नवं काढावं लागत नाही.

आता पेन्शनचा कारभार 'स्पर्श' या संगणकी व्यवस्थेतून चालतो. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायचा. तो चुकला, की पैसे थांबतात. वय 80 झालं, की मूळ पेन्शनवर 20 टक्के वाढ, विधवेलाही. आजीचं वय कागदात चुकीचं असेल, तर ही वाढ कधी द्यायची ते यंत्राला कसं कळावं?

त्या बाईंचं काम अखेर झालं. पतीच्या मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासूनची थकबाकीही मिळाली. प्रतिज्ञापत्रावर सही करताना त्या थबकल्या होत्या. "भाऊ, कोणतं नाव लिहू?"

मी म्हटलं, "वहिनी, आधारकार्डावरचं लिहा. माहेरचं वर मजकुरात आलंय."

त्यांनी तो मजकूर मला पुन्हा एकदा वाचून दाखवायला सांगितला.