दात्याच्या कुंपणापलीकडचा न्याय

(भाईंदर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘घराण्यांची प्रतिष्ठाने आणि समाजपरिवर्तन’ हे आजच्या विषयाचे नाव भारदस्त असले तरी त्यातील प्रश्न रोजच्या व्यवहारातला आहे. मीरा-भाईंदरमधील एखादा कार्यकर्ता खाडीकाठच्या खारफुटीसाठी धडपडतो, दुसरा वस्तीतील मुलांना घेऊन पथनाट्य बसवितो, एखादी कार्यकर्ती घरकामगार स्त्रियांची संघटना बांधते. तिघांनाही महिनाअखेरीस लोकलचा पास काढताना विचार करावा लागतो. अशा वेळी एखाद्या धनिक घराण्याचे प्रतिष्ठान पुढे येते आणि म्हणते, सामाजिक न्याय, कला व पर्यावरण ही तिन्ही आमच्या कार्याची क्षेत्रे आहेत, अर्ज करा. अर्ज करावा की करू नये?

या प्रश्नाला झटपट उत्तर देणारे दोन पक्ष चळवळीत पूर्वापार आहेत. भांडवलदाराच्या पैशाचा विटाळ मानणारा एक, आणि पैसा कोणाचाही असो, सत्कार्याला लागला म्हणजे झाले असे मानणारा दुसरा. पहिल्या पक्षाची सोवळी वृत्ती फार काळ टिकत नाही, आणि दुसऱ्या पक्षाची वृत्ती फार लवकर अंगवळणी पडते. म्हणून जुन्या इतिहासातील एक प्रकरण तपशिलाने पाहणे बरे. ते टाटा घराण्याचे आहे. महाराष्ट्राच्या भूमीवर घराण्याच्या दातृत्वाचा याहून मोठा नमुना नाही, आणि क्षुल्लक नमुन्यावर टीका करून काही हाती लागत नाही.

जमशेटजींचे धाकटे पुत्र सर रतन टाटा यांनी १९०९ साली दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहासाठी गांधींना पंचवीस हजार रुपये पाठविले. पुढेही ते देत राहिले आणि एकूण रक्कम सव्वा लाखावर गेली. गोखल्यांच्या भारत सेवक समाजालाही त्यांचे साहाय्य होते. ट्रान्सवालच्या तुरुंगात गेलेल्या हिंदी मजुरांच्या बायकामुलांच्या पोटी जे अन्न पडले त्यात या पैशाचा वाटा होता, ही गोष्ट कोणत्याही समाजवाद्याने नाकारू नये. येथे गांधींचे वर्तनही लक्षात घेण्याजोगे आहे. १९१२ साली त्यांनी रतन टाटांना जाहीर पत्र लिहून खर्चाचा हिशेब दिला. हिशेब दात्याच्या कचेरीत बंद लखोट्याने गेला नाही. ज्यांच्या लढ्यासाठी पैसा आला होता त्यांनाही तो वाचता आला. आजच्या ‘प्रकल्प अहवालां’शी त्याची तुलना करून पाहावी.

त्याच सुमारास रतन टाटांनी लंडन विद्यापीठाला दारिद्र्याच्या अभ्यासासाठी देणगी देऊ केली. त्या पैशावर ‘लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये जे रतन टाटा प्रतिष्ठान उभे राहिले, त्याचे पहिले संचालक म्हणून १९१३ साली आर. एच. टॉनी आले. इंग्रजी समाजवादाच्या इतिहासात टॉनींचे स्थान काय, हे या वर्गाला सांगण्याची गरज नाही. आपल्या पहिल्याच व्याख्यानात त्यांनी दारिद्र्य हा व्यक्तीच्या दोषाचा नव्हे तर उद्योगव्यवस्थेचा प्रश्न आहे आणि गरिबीचा विचार श्रीमंतीच्या विचारावाचून होत नाही, असे प्रतिपादन केले. पुढे १९१४ साली साखळ्या घडविणाऱ्या कामगारांच्या आणि १९१५ साली शिंपीकाम करणाऱ्यांच्या किमान वेतनदरांवर त्यांची पुस्तके निघाली. देणाऱ्याने टॉनींची लेखणी अडविली नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवून ठेवावे.

आता याच हिशेबाची दुसरी बाजू. इंग्लंडमधील साखळीकामगार स्त्रीला किमान वेतन किती मिळावे याचा अभ्यास ज्या पैशातून झाला, त्याच्या उगमाशी नागपूरची एम्प्रेस मिल होती, कुर्ल्याची स्वदेशी मिल होती. त्या काळी हिंदुस्थानातील कापडगिरण्यांत प्रौढ पुरुषाला दिवसाचे बारा तास राबविण्यास १९११ च्या कारखाना कायद्याने मुभा दिली होती, आणि किमान वेतनाचा कायदा या देशात व्हावयास १९४८ साल उजाडले. टाटांच्या गिरण्या इतरांहून बऱ्या होत्या. जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात १९१२ साली आठ तासांचा दिवस सुरू झाला, तो कायद्याच्या कितीतरी आधी. तरीही दारिद्र्याच्या कारणांचे संशोधन करण्यासाठी लंडनची निवड व्हावी आणि नागपूर, कुर्ला यांची होऊ नये, यात दात्याच्या स्वभावाचा दोष शोधण्यापेक्षा दातृत्वाच्या घडणीकडे पाहणे अधिक उपयोगाचे आहे.

ती घडण मुळशी पेट्यात उघडी पडली. गांधींच्या सत्याग्रहाला साहाय्य करणारे रतन टाटा १९१८ साली वारले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९२१ च्या रामनवमीला, मुळशीच्या मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला, तो टाटांच्याच वीज कंपनीच्या धरणाविरुद्ध. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती आणि तिच्यासाठी मावळातील गावे व भाताची खाचरे पाण्याखाली जाणार होती. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे यांनी तो लढा लढविला, तुरुंगवास सोसला. धरण झाले. ट्रान्सवालमधील सत्याग्रह हा न्यायाचा लढा ठरला आणि मुळशीतील सत्याग्रह हा प्रगतीच्या वाटेतील अडथळा ठरला. दोन्हींत साधन एकच होते, माणसेही सारखीच निःशस्त्र व दरिद्री होती. फरक होता तो एवढाच की मुळशी दात्याच्या कुंपणाच्या आत होती.

प्रतिष्ठानांच्या बाबतीत सिद्धान्त म्हणावा असा काही असेल तर तो हाच. ते न्यायाला पैसा देतात, अगदी मनापासून देतात. पण जो न्याय कुंपणापलीकडे आहे त्याला.

कलेच्या बाबतीत फार बोलण्याचे कारण नाही. रतन व दोराबजी या दोघा बंधूंचे चित्रसंग्रह मुंबईच्या वस्तुसंग्रहालयाला मिळाले, तेथे आजही कोणीही तिकीट काढून ते पाहू शकतो. ही चांगलीच गोष्ट झाली. नरिमन पॉइंटचे राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्रही टाटांच्या विश्वस्त निधीच्या आधाराने १९६९ साली निघाले. मात्र १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख व गवाणकर यांनी उभे केलेले लाल बावटा कलापथक किंवा राष्ट्र सेवा दलाचे कलापथक यांना कोणा उद्योगपतीचा निधी नव्हता. चाळीच्या पटांगणात त्यांनी जे सांगितले ते संगमरवरी सभागृहात सांगता आले असते की नाही, याचा ज्याने त्याने विचार करावा.

हा पैसा सर्वस्वी खाजगी असतो, ही समजूतही तपासून घ्यावी. विश्वस्त संस्थेच्या उत्पन्नाला आयकरातून सवलत मिळते, देणगी देणाऱ्यालाही मिळते. जो कर सरकारी तिजोरीत येऊन विधिमंडळाच्या चर्चेअंती खर्च व्हावयाचा, तो चार विश्वस्तांच्या बैठकीत खर्च होतो. २०१३ च्या कंपनी कायद्याने तर मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्च करणे बंधनकारक केले आणि २०१४ च्या एप्रिलपासून ते अमलात आले. कंपनीला हा पैसा स्वतःच्या विश्वस्त संस्थेमार्फत खर्च करता येतो. अशा वेळी सक्ती कायद्याची, नफा कामगारांच्या श्रमाचा आणि पाटीवर नाव मात्र घराण्याचे, असा प्रकार घडतो. हक्काने मागावयाच्या पैशासाठी हात जोडून अर्ज करण्याची सवय कार्यकर्त्यांना लागली आहे.

परावलंबन किती दूर जाते याचे ताजे उदाहरण देवनारचे आहे. सर दोराबजी टाटांच्या निधीतून १९३६ साली निघालेली समाजकार्याची संस्था, आजची टाटा समाजविज्ञान संस्था, ही या देशातील कित्येक कार्यकर्त्यांची पाठशाळा. २०२४ च्या जूनअखेरीस तेथील पंचावन्न अध्यापकांना आणि साठच्या आसपास शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना सेवा संपल्याच्या नोटिसा मिळाल्या. कारण त्यांचे वेतन टाटा एज्युकेशन ट्रस्टच्या अनुदानावर होते आणि ते अनुदान पुढे चालू राहील याची खात्री उरली नव्हती. दोन दिवसांत अनुदानाचे आश्वासन मिळाले आणि नोटिसा मागे घेतल्या गेल्या. सामाजिक न्याय शिकविणाऱ्यांच्या नोकरीचा निकाल कोणत्या टेबलावर लागतो, हे त्या दोन दिवसांत दिसले. शासनाने आपला वाटा उचलला असता तर ही पाळी आली नसती, हेही तितकेच खरे. प्रतिष्ठानाच्या उदारपणाची सर्वांत मोठी सोय होते ती शासनाची.

आता भाईंदरकडे येऊ. मेट्रोच्या कारशेडला राई, मुर्धे, मोर्वे येथील ग्रामस्थांनी विरोध केला. नंतर ती उत्तनजवळ डोंगरीला नेण्याचे ठरले. २०२५ साली तेथील बारा हजारांहून अधिक झाडे तोडण्याचा प्रस्ताव पुढे आला आणि नागरिक हरकती घेऊन उभे राहिले. पर्यावरणासाठी रोपे लावावयाची असतील तर निधी मिळतो, टोप्या मिळतात, छायाचित्रकारही येतो. उभे झाड तोडू नका असे सांगणाऱ्याच्या वकिलाची फी, हरकतींच्या झेरॉक्स, उत्तनहून महापालिकेत जाणाऱ्या कोळी स्त्रीचा बुडालेला रोज, यांना कोणत्या प्रतिष्ठानाच्या अर्जात रकाना असतो? पर्यावरण हा शब्द दोन्हीकडे एकच आहे. एका ठिकाणी त्याला कंत्राटदार आड येत नाही, दुसऱ्या ठिकाणी येतो.

या कोंडीतून निघण्याचा प्रयत्न महाराष्ट्रात झालेला आहे आणि तो विसरला जाऊ नये. बाबा आढाव, डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी सामाजिक कृतज्ञता निधी उभारला. नामांकित नटनट्यांनी अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग गावोगाव केले, तिकिटे लोकांनी घेतली, आणि जमलेल्या निधीच्या व्याजातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळू लागले. मानधन तुटपुंजे होते. पण दाता एक नव्हता, हजारो होते, आणि हजारोंना एकच कुंपण नसते. ‘कृतज्ञता’ हा शब्दही विचारपूर्वक निवडलेला होता. त्यात कृतज्ञ राहावयाचे ते समाजाने, कार्यकर्त्याने नव्हे.

तरीही आज व्याजाचे दर घसरलेले, नाट्यगृहांची भाडी चढलेली आणि कार्यकर्त्यांची मुले शाळेत जाणारी आहेत, हे मान्य केले पाहिजे. प्रतिष्ठानाचा पैसा सरसकट नाकारा, असा आदेश देणे सोपे आहे. तो पाळणाऱ्याच्या घरची चूल मात्र आदेश देणाऱ्याला पेटवावी लागत नाही. वाचनालयाची पुस्तके, मुलांच्या पथनाट्याची वाद्ये, वस्तीतील दवाखान्याची औषधे यांसाठी पैसा घेण्यास हरकत नसावी. तो घेताना गांधींनी केले तसे हिशेबाचे कागद वस्तीच्या फलकावर लावावेत. लढणाऱ्या कार्यकर्त्याचे मानधन आणि लढ्याचा खर्च मात्र लोकवर्गणीतूनच यावा. कारण पोट ज्याच्या हाती असते, त्याच्या कचेरीसमोर उद्या धरणे धरता येत नाही.

आणि अर्ज करावयाचाच झाला तर त्याची सुरुवात कुंपणाच्या आतून करावी. इमारती बांधणाऱ्या घराण्याच्या प्रतिष्ठानाकडे अन्यत्रच्या वृक्षारोपणाऐवजी त्याच्याच प्रकल्पामागील खारफुटीच्या रक्षणाचे साहाय्य मागावे. कंत्राटी सफाई कामगारांवर मोठी झालेली कंपनी सामाजिक न्यायासाठी निधी देऊ करीत असेल, तर पहिल्या पानावर त्याच कामगारांच्या किमान वेतनाची आणि भविष्यनिर्वाह निधीची मागणी लिहावी, दुसऱ्या पानावर संगणकाची. उत्तर येण्याची महिनाभर वाट पाहावी. न आल्यास पावतीपुस्तके छापून घ्यावीत, दहा रुपयांची व पन्नास रुपयांची. संध्याकाळी सहानंतर विरार लोकल भाईंदरला लागल्या की पुलावर उभे राहण्यासही जागा नसते. दोघे पूर्वेकडे व दोघे पश्चिमेकडे उभे राहिले तरी पुरे.