माणकाच्या रंगाची काच



जुन्या वस्तूंच्या दुकानात लाल काचेचा पेला हाती आला, की जाणता संग्राहक आधी तो उजेडासमोर धरतो. किमतीचे बोलणे नंतर. रंग काचेच्या अंगात मुरलेला आहे, की बिनरंगी काचेवर लाल काचेचे पातळ अस्तर चढवले आहे, हे त्याला पाहायचे असते. अस्तराच्या भांड्यावर नक्षी कोरलेली असेल, तर त्या रेषांतून आतली स्वच्छ काच डोकावते. छटाही बोलकी असते. गुलाबी-जांभळ्याकडे झुकणारा लाल बहुधा सोन्याचा. शेंदरीकडे झुकणारा भडक लाल बहुधा सेलेनियमचा, आणि मग ती वस्तू एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपेक्षा जुनी असणे कठीण. तांब्यापासूनही गर्द लाल होतो, आणि तेथे भले भले डोळे फसतात. अखेरचा निवाडा प्रयोगशाळेतच होतो.

सोन्याचा लाल हा शब्दप्रयोग अलंकारिक नाही. सोन्याची मोहोर भट्टीत टाकली की काच लाल होते, अशी दंतकथा आहे. पण सोन्याचा तुकडा वितळून तळाशी बसेल, काचेत मिसळणार नाही. ते आधी आम्लराजात विरघळवावे लागते. तो द्राव वाळू, क्षार इत्यादींच्या मिश्रणात घालून भट्टी पेटवतात. दहा हजार भाग काचेला एखाद-दुसरा भाग सोने पुरते. गंमत अशी, की घडवलेले भांडे थंड होते तेव्हा ते बिनरंगी किंवा फिकट पिवळसर असते. ते पुन्हा बेताने तापवले की त्यात हळूहळू लाली फुलते. विखुरलेले सुवर्णकण या दुसऱ्या आचेत एकत्र येतात. मिलिमीटरचे एक लाख भाग केले, तर त्यांतील एका-दोन भागांएवढा त्यांचा पुंज होतो. तो हिरवा प्रकाश शोषतो आणि तांबडा पलीकडे जाऊ देतो. आच अधिक झाली की पुंज वाढतात आणि काच मळकट, तपकिरी होते. थोडक्या क्षणांच्या चुकीने सोने आणि श्रम दोन्ही वाया जातात.

अशा कलेचे रहस्य कोणी सहजी सांगेल कसे? लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये चौथ्या शतकातील एक रोमन चषक आहे. द्राक्षवेलीत गुरफटलेला लायकर्गस राजा त्यावर कोरलेला आहे. बाहेरून उजेड पडला की तो हिरवट दिसतो, आतून पडला की लाल. त्याच्या काचेत सोन्याचांदीचे सूक्ष्म कण सापडले. परंतु तो घडवणाऱ्याने कृतीची एक ओळही मागे ठेवली नाही.

१६१२ मध्ये फ्लॉरेन्सला आंतोनिओ नेरी या धर्मोपदेशकाने काचेच्या कृतींचा ग्रंथ छापला आणि कारागिरांचे मौन प्रथमच मोठ्या प्रमाणात मोडले. सोन्यापासून लाल रंग मिळतो, असा उल्लेखही त्यात आहे. १६७९ मध्ये योहान कुंकेल या जर्मन रसायनज्ञाने तो ग्रंथ स्वतःच्या टिपांसह जर्मन भाषेत आणला. नेरीचे कुठे चुकले, हे त्याने निःसंकोच दाखवले. पण स्वतः सिद्ध केलेल्या माणिककाचेची कृती मात्र त्याने सांगितली नाही.

ब्रांडेनबुर्गचा अधिपती फ्रीडरिश व्हिल्हेल्म याने १६८५ मध्ये पॉट्सडामजवळचे एक बेट कुंकेलला दिले. आज ते मयूरद्वीप या अर्थाच्या नावाने ओळखले जाते. तेथे परक्याला पाऊल ठेवण्याची मुभा नव्हती. १६८८ मध्ये आश्रयदाता वारला, पुढच्याच वर्षी काचशाळा जळाली, आणि नव्या राजवटीने खर्चाचा हिशेब मागितला. कुंकेल स्वीडनला गेला. तेथे त्याला सरदारकी मिळाली. बेटावर उरले ते काचेचे तुकडे. विसाव्या शतकातील उत्खननात ते पुन्हा उजेडात आले.

१६८५ सालीच आन्द्रेआस कासियसचा सोन्यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. सोन्याच्या द्रावात कथिलाचे क्षार मिसळले की जांभळा साका बसतो, आणि हा साका काच रंगवण्यास उपयोगी पडतो. त्याला आजही कासियसचे नाव आहे. ही लाली कशाने येते, हा प्रश्न त्यामुळे अभ्यासकांसमोर खुला राहिला. १८५७ मध्ये मायकेल फॅरेडे यांनी सोन्याच्या लाल द्रावांचा अभ्यास करून हे अतिसूक्ष्म कणांचे काम असल्याचे मांडले. १९०३ च्या सुमारास रिखार्ड झिग्मोंडी यांनी, सहकाऱ्यासह घडवलेल्या नव्या सूक्ष्मदर्शकातून, माणिककाचेतील कणांचे अस्तित्व दाखवून दिले. रसायनशास्त्राचे १९२५ चे नोबेल पारितोषिक त्यांना कलिलांवरील संशोधनासाठी मिळाले.

कुंकेलच्या हाताचे कसब वादातीत होते. त्याचे चषक आज संग्रहालयांची भूषणे आहेत. तरीही नेरीचा छापील ग्रंथ हाती आला नसता, तर त्याच्या टिपा कशावर लिहिल्या गेल्या असत्या? इतरांनी लिहून ठेवलेल्यावर तो मोठा झाला आणि स्वतःचे मात्र त्याने बेटावर कोंडले. भट्टी जळते, आश्रयदाता जातो, हात थकतात. चार ठिकाणच्या कपाटांत पोहोचलेले पुस्तक टिकते.

शंभर वर्षे ज्या वास्तूने ग्रंथ सांभाळले आणि मागेल त्याच्या हाती दिले, तिच्या उत्सवात या लाल काचेची आठवण म्हणूनच उचित ठरते. संग्राहक पेला कपाटात कुलूपबंद ठेवतो, हे योग्यच आहे. कारण तो फुटला तर दुसरा मिळत नाही. ग्रंथाचे कपाट मात्र उघडण्यासाठी असते. येथील घराण्याघराण्यांतून पाककृती, औषधे, कारागिरीची माहिती अजून वह्यांत आणि वृद्धांच्या स्मरणात असेल. तीही या कपाटांपर्यंत पोहोचावी, एवढेच मागणे.