उन्हाळी म्हणून सोडून देऊ नका

यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीचा उन्हाळा म्हणजे काय, हे कोळशाच्या ट्रकवर दिवस काढणाऱ्याला विचारा. लघवीला जळजळ झाली की घरचे म्हणतात, उन्हाळी लागली; धन्याचं पाणी घे. पुष्कळदा तेवढ्यानं भागतंही. पण पावसाळा लागला तरी जळजळ हटत नाही, लघवीच्या जागेतून स्राव येतो, तर उन्हाला कशाला दोष द्यायचा?

असा त्रास शरीरसंबंधातून पसरणाऱ्या रोगाचाही असू शकतो. त्यांतले गरमी (सिफिलिस) आणि परमा (गनोरिया) आपल्या आजोबांनाही ठाऊक होते. मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम हा जंतू मात्र 1980 साली लंडनमध्ये दोन पुरुषांच्या नमुन्यांत सापडला. तोही शरीरसंबंधातूनच पसरतो आणि अशीच जळजळ, स्राव घडवतो. याला पेशीभित्तिकाच नाही. पेनिसिलिन जंतूची भिंत बांधू देत नाही; इथं भिंतच नाही, तर ते करणार काय? अझिथ्रोमायसिनलाही तो आता अनेक ठिकाणी दाद देत नाही. मेडिकलमधून परस्पर गोळी घेतली, चार दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच, असं होतं ते यामुळंही. प्रयोगशाळेत हा वाढायला आठवडे, कधी महिने लागतात, म्हणून जंतूचा जनुकीय अंश शोधणारी पीसीआर तपासणी करतात. ती सगळीकडे होत नाही. नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो.

बायकांचं दुखणं तर आणखी झाकलेलं. पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, पण सांगायचं कुणाला? वर्धा नदीपलीकडं, चंद्रपूरच्याही पुढं, गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या 650 स्त्रिया तपासल्या. 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं: 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग, आणि आधी कधी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के. ते सगळे रोग संसर्गाचे नव्हते, हेही सांगायला हवं. नाहीतर घरात उगाच संशय शिरायचा.

तेव्हा आधी सरकारी दवाखान्यात जा. अशा त्रासात परमा आणि क्लॅमिडिया हे संसर्ग नेहमी आढळतात. डॉक्टर पहिला विचार त्यांचाच करतील, आणि ते बरोबरच आहे. एचआयव्ही आणि गरमीची तपासणीही तेव्हाच करून घ्या. औषध संपूनही त्रास राहिला तर दुकान बदलू नका, त्याच डॉक्टरांकडे परत जाऊन मायकोप्लाझ्माचं नाव काढा. काहीच त्रास नसेल, तर हौसेनं त्याची तपासणी नको. निदान झालं तर मात्र जोडीदाराचीही तपासणी हवी, आणि उपचार पुरे होईपर्यंत संबंध टाळायचे.

पुरुषांनी या तपासणीसाठी लघवीचा नमुना देण्याआधी तासभर तरी लघवी करू नये. डबीत पहिली धारच घ्यायची असते. बाईला योनीतला नमुना काडीनं स्वतःच घेता येतो. तसं नर्सताईंना विचारा.